अन्नपूर्णेचं तोंड

विमानाचा आवाज आला आणि मुलं पाट्या टाकून खिडकीकडे धावली. लढाई सुरू झाल्यापासून काशीवरून रोज दोन-चार विमानं जातात. त्रैराशिक चालू असलं तरी मी मुलांना बघू देतो, कारण आवाज गंगेपलीकडे विरेपर्यंत त्यांना जागेवर बसवून काही उपयोग नसतो. मग ती आपणच परत येतात. त्या दिवशीही आली. बकुळ मात्र गज धरून तिथंच उभी राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, “मास्तरकाका, सुई झूठ बोलू शकते?”

“कसली सुई?” मी विचारलं. कसली ते मला कळलं होतं.

“विमानातली. किती वेगानं चाललंय ते दाखवते ती. बाबा आधी म्हणायचे, त्या दिवशी उतरताना सुई शून्यावर गेली, म्हणून सगळं झालं. आणि हा विश्वेश्वर म्हणतो, तुझे बाबा बहाणे करतात.”

“मी नाही, आमचे आजोबा म्हणतात,” विश्वेश्वर म्हणाला. “साहेबानं सुई तपासली, नळी तपासली. सब ठीक था. मग शून्यावर कशी जाईल?”

बकुळ वळली. दहा वर्षांची मुलगी. डोळ्यांत रडू नव्हतं. ग्रहण कसं लागतं हे तिनं मला जसं विचारलं होतं तसंच हेही विचारत होती, आणि उत्तर मिळणार अशी तिची खात्री होती. ही खात्री मीच तिच्यात रुजवली होती. संकठा घाटावरच्या या खोलीत चाळीस वर्षं मी एकच नियम पाळत आलो: मुलानं विचारलं आणि ठाऊक असलं तर सांगायचं, नसलं तर ‘ठाऊक नाही’ म्हणायचं. “यंत्र आहे,” मी म्हणालो. “यंत्राचं काही सांगता येत नाही. बस खाली.” ती बसली. मी फळ्याकडे वळलो आणि गणित पुढे चालू केलं. थोड्या वेळानं मागून कुणीतरी भीतभीत म्हणालं, “मास्तरकाका, सात आठे छप्पन. तुम्ही चोपन्न लिहिलंय.” मुलं हसली, मीही हसलो. बकुळ हसली नाही. ती फळ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

शाळा सुटल्यावर घराकडे वळायच्या ऐवजी मी चालत राहिलो. गल्ल्यांतून वाट काढत अहिल्याबाई घाटापर्यंत आलो आणि पायरीवर बसलो. पौषातलं ऊन, ओली धोतरं वाळत घातलेली, नावाड्यांचा आरडाओरडा. सहा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो असं म्हणता येणार नाही. सहा वर्षं मी धरून चाललो होतो की तो कुणी विचारणार नाही. मोठ्या माणसांनी विचारून झालं होतं, सरकारी साहेबानं विचारून झालं होतं, कागदावर शिक्का बसला होता: वैमानिकाची चूक, विमान फार वेगानं उतरवलं. बकुळच्या बापानं, विष्णुनं, ते मान्यही केलं होतं. सुरुवातीला तो सुईचं बोलायचा. मग लोक हसू लागले तसा गप्प झाला. आता मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आपल्या दोन खोल्यांत तो घड्याळं दुरुस्त करतो आणि गल्लीतले लोक घड्याळ परत घेताना विचारतात, “काय विष्णुपंत, हिच्या सुया तरी खऱ्या बोलतात ना?” मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे. मी शेजारी उभा होतो. विष्णु हसला होता आणि मान खाली घालून त्यानं घड्याळ फडक्यात गुंडाळून दिलं होतं, आणि मी माझं घड्याळ दुरुस्तीला न देताच परत आलो होतो.

यज्ञेश्वर ठोसर माझाच विद्यार्थी. तोही याच खोलीत, याच खिडकीशी बसायचा आणि मी भूमिती शिकवत असताना पाटीच्या मागच्या बाजूला घारी काढायचा. पुढे विलायतेत तीन वर्षं राहून आला आणि एकोणीसशे तेहतीसमध्ये शिवपूरच्या पलीकडे पत्र्याची शेड उभारून त्यानं पाटी लावली: काशी व्योमयान कारखाना. सगळे मिळून अकरा माणसं. सुतार दोन, लोहार एक, आणि पंखांवर ताणायचं कापड विणणारे मदनपुऱ्याचे विणकर, ज्यांचे हात जरीवर बसलेले. साध्या सुती कापडाचा एकही धागा सैल न सोडता ते विणायचे आणि म्हणायचे, “मास्टरजी, ये किस दुल्हन का जोड़ा है?” यज्ञेश्वराला लढाईची विमानं करायची नव्हती. तो म्हणायचा, कलकत्त्याला माल घेऊन जाणारा व्यापारी दोन दिवस रेल्वेत घालवतो. त्याचा एक दिवस जरी मी वाचवला तरी तो माझं विमान घेईल. धंद्याच्या माणसाचं विमान. पहिलं केलं त्याचं नाव ‘संकठा’, दोन उघड्या बैठका, एकामागे एक. एक शेठजी बघायला आले, चढले, यंत्र सुरू झालं आणि त्यांची पगडी उडाली ती थेट नाल्यात. सुतार हसले. शेठजी उतरून गेले ते पुन्हा आले नाहीत. त्या संध्याकाळी यज्ञेश्वर माझ्याकडे येऊन म्हणाला, “मास्तर, चुकलंच माझं. गिऱ्हाईकाच्या डोक्यापासून सुरुवात करायला हवी होती.” मग त्यानं स्टुलावर पगडी ठेवून छपराची उंची ठरवली. ते दुसरं, ‘मंगला’. तीन बैठका, वर छप्पर, खाली साड्यांची पेटी मावेल एवढी जागा, आणि एक्क्यातून उतरावं तसं उतरता यावं म्हणून पंख वर आणि पायरी खाली. तशी चार झाली. गोरखपूरचे एक डॉक्टर, पाटण्याचे एक वकील, एक साखर कारखानदार आणि इथलेच एक जरीवाले. चौघांचीही तक्रार एकच: आत बोललेलं ऐकू येत नाही. “आता कानापासून सुरुवात,” यज्ञेश्वर म्हणाला, आणि तिसऱ्याच्या भिंती त्यानं दुहेरी केल्या, मध्ये शेवरीचा कापूस भरला, काचा घट्ट बसवल्या. आत पानाचा डबा उघडला तर त्याचं टक्क ऐकू यायचं. ते चार बैठकांचं विमान म्हणजे ‘अन्नपूर्णा’.

विष्णु तेव्हा तिशीच्या आतबाहेर होता. पहिली दोन्ही विमानं त्यानंच उडवली होती, आणि तो वाऱ्यावर उडवायचा: गालाला वारा किती लागतो, पंखांच्या तारा कशा गुणगुणतात, त्यावरून त्याला वेग कळायचा. अन्नपूर्णेत बसून बघितल्यावर तो कुरकुरला होता. “यज्ञेश्वरदादा, तुम्ही माझे कान बांधलेत.” यज्ञेश्वर म्हणाला, “सुई आहे ना समोर. तुझ्या कानांपेक्षा शहाणी आहे ती.” आणि त्या सुईचं काम कसं चालतं ते विष्णुला मी समजावून सांगितलं होतं. मीच. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला करंगळीएवढी पितळी नळी, तोंड पुढे. वारा तिच्यात शिरतो, दाबतो, तो दाब आत तबकडीपर्यंत जातो, तिथं बाहेरच्या हवेच्या दाबाशी तोलला जातो आणि सुई हलते. मी एक तोटी फुंकून दाखवली होती. शिकवायला मिळालं की मला भान राहत नाही. समोर कोण आहे, मूल की मोठा माणूस, हेही मग मला दिसत नाही. फक्त त्याच्या डोळ्यांत ‘आलं लक्षात’ असं कधी उमटतं त्याकडे माझं ध्यान असतं. ती माझी हाव आहे. लोक तिला माझा गुण म्हणतात.

एकोणचाळीसच्या जानेवारीत अन्नपूर्णेची पूजा झाली. माझे वडील वैदिक होते, तेव्हा घरोब्याच्या लोकांची असली कामं माझ्याकडेच येत. शेडबाहेर सतरंज्या घातल्या होत्या. गल्लीतली सगळी मंडळी आली होती, मुलं तर सगळी माझ्याच शाळेतली. थंडी इतकी की वाटीतलं तूप थिजलं होतं. मध-तुपाची वाटी मी निरांजनावर धरून पातळ केली. नाकाला गंध लावलं, चाकांना हळदकुंकू वाहिलं, पंखांवर अक्षता टाकल्या. मूर्तीची प्रतिष्ठा करताना तोंडाला मध-तूप लावतात तिथपर्यंत आलो आणि शरदिनीच्या, म्हणजे विष्णुच्या बायकोच्या, कडेवरून एक चिमुकला आवाज आला, “हिचं तोंड कुठाय?” बकुळ तेव्हा चार वर्षांची. सगळे हसले. मी हात आवरून पुढे जाऊ शकलो असतो. विमानाला तोंड नसतं एवढं सांगून भागलं असतं. पण पंधरा-वीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “आहे की. ही बघ नळी. अन्नपूर्णा वारा खाते, तो इथून खाते.” मुलांना ते फार आवडलं. “मग तिला भरवा ना,” बकुळ म्हणाली. आणि मी दर्भाची काडी वाटीत बुडवली आणि नळीच्या तोंडात घातली. एकदा. मुलं टाळ्या पिटायला लागली म्हणून आणखी एकदा. मनात आलं होतं, पुसून घ्यायला हवं. खरंच आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी नारळ पुढे केला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. विष्णु एकटाच वर गेला, बराच उंच गेला, रामनगरच्या बाजूला एक लांब फेरी मारून परत आला. खाली येताना विमान फार तिरकं दिसलं. यज्ञेश्वर माझ्याशेजारी उभा होता; तो हळूच म्हणाला, “हा इतकं नाक का खाली घालतोय?” चाकं टेकली ती थांबायच्या वेगानं टेकलीच नाहीत. सगळं मैदान संपलं, नाला गेला, आणि पलीकडच्या अमराईत लाकूड मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. लोक विष्णुकडे धावले. मीही धावत होतो, पण माझे पाय त्याच्याकडे गेले नाहीत. डावा पंख सुटून बाजूला एका झाडाशी पडला होता, मी तिथं गेलो. नळीच्या तोंडाशी पिवळट पांढरं कडं जमलं होतं. मी बोट लावलं. घट्ट. तुपाचं भांडं थंडीत ठेवलं की जमतं तसं. एका क्षणात मला सगळं दिसलं: पातळ तूपमध वाऱ्यानं आत ढकललं गेलं, वरच्या गारठ्यात थिजलं, वरची विरळ हवा नळीत कोंडली गेली. विमान खाली येऊ लागलं तशी बाहेरची हवा जड होत गेली आणि सुई मागे मागे सरकत शून्यावर आली. बिचाऱ्याला वाटलं असणार, वेग संपला, आता पडणार. म्हणून वेग यावा यासाठी तो नाक खाली घालत राहिला. वारा त्याच्या कानावर येत नव्हता. किती सुबक प्रमेय. आणि ते मांडत असतानाच माझा हात उपरण्याच्या टोकानं ते कडं पुसत होता. पाटी पुसायची सवय, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण पाटी पुसताना माणूस मागे वळून बघत नाही. मी बघितलं होतं. उपरण्याच्या सुताची पिळी आत घालून फिरवली, आणि मग ओठ लावून जोरानं फुंकर मारली. पितळ बर्फासारखं होतं. जिभेवर मध आला.

अजून येतो. सकाळी पूजा झाल्यावर तळहातावर पंचामृत घेतो तेव्हा येतो. घरी कुणाला कळत नाही. मी ते पिऊन हात डोक्यावरून फिरवतो आणि लगेच पाणी मागतो. दुसऱ्या दिवशी साहेब आला, त्यानं नळी काढून तपासली, फुंकून बघितली, सुई व्यवस्थित हलली. विष्णु इस्पितळात होता. उजवा पाय गुडघ्यापासून वाकडा बसणार हे तेव्हाच कळलं होतं. मी रोज जात होतो. उशाशी बसून त्याला ताक पाजत होतो. “मास्तर,” तो म्हणायचा, “ती शून्यावर गेली हो. तुम्हीच सांगा, असं होऊ शकतं का?” मी म्हणायचो, “पडून राहा. बोलू नकोस.” यज्ञेश्वर दोनदा आला आणि मग आला नाही. गिऱ्हाइकं फिरली, शेडचं कुलूप निघेना. अन्नपूर्णेचे नकाशे त्यानं एका दुपारी शेडमागे जाळले. आधी प्रत्येकाची नीट घडी घातली आणि मग जाळले. “विमान चांगलं होतं, मास्तर,” तो म्हणाला, “ते त्याच्या हातात द्यायला नको होतं एवढंच.” आता तो कानपूरला आहे, दुसऱ्यांची मोडलेली विमानं दुरुस्त करतो. विष्णुला त्यानं सहा वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही. आणि विष्णु दर गुरुपौर्णिमेला तो वाकडा पाय बाजूला टाकून माझ्या पायांवर डोकं ठेवतो, कारण बकुळला मी शाळेनंतर बसवून शिकवतो, तिला पुस्तकं देतो. “तुम्ही होतात म्हणून,” तो म्हणतो. पुढचं वाक्य तो पूर्ण करत नाही, आणि मी त्याला उठवतो.

एवढ्या वर्षांत मी स्वतःला किती समजावलं. सांगून पाय सरळ होणार आहे का? सुईचं लोक विसरले आहेत, उगीच कशाला उकरायचं? आणि मुलं. मुलांनी मला काय समजावं? खरं म्हणजे तेच होतं. विष्णुची भीती नव्हती, साहेबाचीही नव्हती. मुलं माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात ती मला हवी होती. तिच्यासाठी मी नळीत मध घातला आणि तिच्यासाठीच तो पुसला. आणि आज ज्या मुलीनं विचारलं, तिला मी सांगितलं, यंत्राचं काही सांगता येत नाही. उद्या ती विश्वेश्वराला हेच सांगेल. परवा तिला वाटेल, बाबा खोटं बोलतात. घाटावर बसल्या बसल्या मला जे असह्य झालं ते एवढंच होतं. ते मोठं नव्हतं. पण मी उठलो.

विष्णुच्या घराचा जिना चढून गेलो तेव्हा तो खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडत होता. शरदिनी सुपात तांदूळ निवडत होती. बकुळ पाटी घेऊन बसली होती. “या, या मास्तर,” विष्णु म्हणाला. “बकुळ, पाट दे मास्तरांना. आज इकडे कसे?”

मी बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्याचं बोललो असतो. “बकुळ,” मी म्हणालो, “तू दुपारी विचारलंस त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. सुई खोटं बोलू शकते. नळी बंद झाली तर बोलते. त्या दिवशी ती शून्यावर गेली होती. तुझे बाबा खरं सांगत होते.” मग मी विष्णुकडे वळलो आणि बाकीचं सांगितलं. मध, तूप, थंडी, उपरणं. शिकवतो तसं क्रमानं सांगितलं. दुसऱ्या कुठल्या रीतीनं मला सांगता येत नाही. मध्येच जाणवलं की आवाज स्वच्छ लागतो आहे, वर्गात लागतो तसा, आणि त्याचीच इतकी शरम वाटली की शेवटची वाक्यं मी पुटपुटलो.

विष्णुनं चिमट्यातलं घड्याळाचं चाक फडक्यावर ठेवलं. मग म्हणाला, “इस्पितळात तुम्ही मला ताक पाजत होतात. तेव्हा ठाऊक होतं?”

“होतं.”

“मी विचारायचो, तेव्हा?”

“हो.”

“मी देवासमोर कान धरले हो मास्तर. मला वाटलं, मी घाबरलो आणि घाबरल्यामुळे मला शून्य दिसलं. स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेला माझा. रस्ता ओलांडताना मी हिचा हात धरतो. सहा वर्षं.”

मला वाटलं होतं तो ओरडेल. त्यानं चिमटा डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं. “यज्ञेश्वरदादाला लिहा,” तो म्हणाला. “आत्ता. इथं बसून. बकुळ, मास्तरांना दौत दे.”

मी पाटावर बसून लिहू लागलो. बकुळनं दौत ठेवली ती लांब, हात पुरेल न पुरेल अशी. ती माझ्यासमोर उभी राहिली. “मास्तरकाका, नळीत मध कशाला घातलात? तुम्हाला तर ठाऊक होतं नळी कशाची ते. कुणी सांगितलं होतं?”

शरदिनीचा सुपातला हात थांबला. तिनं वर बघितलं नाही. तिला आठवत होतं. तिच्याच कडेवरून तो आवाज आला होता.

“कुणी नाही,” मी म्हणालो. “मलाच सुचलं.”

शरदिनी पुन्हा तांदूळ निवडू लागली. सगळं खरं सांगायला आलो होतो आणि एक खोटं बोललो, आणि ते बोलल्यावर छातीतलं काहीतरी हलकं झालं. हलकं व्हायचा मला काय अधिकार होता? मी मान खाली घालून लिहीत राहिलो. पत्र लिहून झालं. विष्णुनं ते घेतलं, खिडकीच्या उजेडात धरून सावकाश वाचलं, माझ्या सहीपाशी थांबला, परत वरपासून वाचलं, आणि घडी घातली.

“दे,” मी म्हणालो, “जाताना टपालात टाकतो.”

“नको,” विष्णु म्हणाला. “मी टाकतो.”

त्यानं पत्र बंडीच्या खिशात घातलं, भिंतीला धरून उठला, काठी घेतली. शरदिनी उठायला लागली तेव्हा त्यानं हातानंच तिला बस म्हणून खुणावलं. जिना अरुंद होता, अठ्ठावीस पायऱ्या. तो पुढे, एकेका पायरीवर आधी काठी, मग चांगला पाय, मग तो वाकडा. मी दोनदा हात पुढे केला. त्यानं तो पाहिला आणि भिंत धरली. मी त्याच्या मागून, त्याच्याच गतीनं, एकेक पायरी उतरत राहिलो.